फेडल्याचा दंड

“बुडवल्याचा दंड ऐकला होता,” अण्णा म्हणाले, “फेडल्याचा आज पहिल्यांदा ऐकतोय.”

टेबलापलीकडं पंकज बसला होता. माझा होणारा नवरा. गळ्यात कंपनीचा पट्टा, पट्ट्याला फोटो, आणि फोटोतलंच हसू तोंडावर डकवलेलं. त्यानं कॉम्प्युटर जरासा आमच्याकडं फिरवला. आकडे दिसावेत पण वाचता येऊ नयेत, एवढाच.

“दंड नाही अण्णा, फोरक्लोजर चार्ज. मुदतीआधी कर्ज बंद केलं की कंपनीचं पुढचं व्याज बुडतं. त्याची भरपाई.”

“म्हंजे आमी पैसं आणून दिलं, ह्यो कंपनीचा तोटा झाला,” सगुणाआत्या म्हणाली. “अगं बया! आधी सांगायचं की जावईबापू. दोन हप्ते बुडवून आलो असतो.”

शेजारच्या टेबलावर रुबीना नावाची मुलगी बसायची. ती फाईलमध्ये तोंड घालून हसली. पंकजनं तिच्याकडं बघितलं, तशी तिनं फाईल उलटी होती ती सुलटी केली.

बार्शीत लातूर रोडला, खतांच्या दुकानाच्या वर, ती फायनान्स कंपनीची शाखा होती. खाली युरियाचा वास, वर एसीचा गारवा. माणूस जिना चढून आला की आपण फार उंचावर आलो असं त्याला वाटावं, अशी सोय.

गाडी तवट्यांनी, म्हणजे पंकजच्या घरच्यांनी, मागितली नव्हती, हे आधी सांगायला हवं. तवटे कधीच काही मागत नसत. सुपारी फुटली त्या दिवशी पंकजची आई, मालनबाई, पदर सावरत म्हणाल्या होत्या, “देवाच्या दयेनं आम्हाला काही कमी नाही. नारळ आणि मुलगी द्या. फक्त पंकजला फिरती आहे. उन्हातान्हात दुचाकीवर जीव जातो लेकराचा.” आणि त्या गप्प बसल्या. त्यांच्याकडची सगळी माणसंही गप्प बसली. एवढ्या माणसांना एकाच क्षणी गप्प बसायला मोठी तालीम लागते. त्या शांततेत बांगडी पडली असती तरी सगळ्या गावाला ऐकू गेली असती. शेवटी अण्णांनाच बोलावं लागलं.

आम्ही कासार. मंडईच्या तोंडाशी आमचं बांगड्यांचं दुकान. बायका येतात, फळीवर बसतात, हात पुढं करतात; अण्णा त्यांच्या मनगटात हिरवं, लाल, मोरपंखी चढवत राहतात. तवटेही आमच्यातलेच, पण त्यांनी धंदा कधीच सोडलेला. बांगड्यांची पेटी बघितली की त्यांना शिंक यायची.

गाडी पांढरी घेतली. कर्ज अण्णांच्या नावावर, गाडीही तूर्त अण्णांच्याच नावावर. लग्न लागलं की जावयाच्या नावावर करायची, असं ठरलं. पण तोवर ती धूळ खात कशाला उभी करायची, म्हणून साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी पंकज ती घेऊन गेला. गाडी त्यांच्या दारात, हप्ता आमच्या दारात. कर्जही त्यानंच करून दिलं होतं, स्वतःच्या शाखेतून. “घरच्या माणसाला परक्याच्या दारात कशाला पाठवू?” म्हणाला होता. त्या महिन्यात शाखेच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, ‘महिन्याचा तारा’. मी आता त्या भिंतीकडं तोंड करून बसले होते. तारा अजून तिथंच होता. आमच्या हप्त्यावर उगवलेला.

“पण अण्णा, घाई काय आहे?” पंकज म्हणत होता. “हप्ता नीट चाललाय. चालू द्या की. पाच वर्षं कशी जातील कळणार पण नाही.”

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आतलं काही बोलायचं असलं की ते टोपी काढतात.

“त्याचं असंय पंकजराव. उसन्या तांदळानं लेकीची ओटी भरत नाहीत. माणूस शेजारनं साखर आणंल, मीठ आणंल; ओटीचे तांदूळ मात्र घरचेच लागतात. ही गाडी लेकीच्या मागनं येणार. तिच्यावर कुणाचा बोजा नको. म्हणून बायपासकडची जागा विकली. हळदीच्या आधी कागद मोकळा व्हावा, एवढंच माझं मागणं.”

“ओटीत कुठं घालायचीय अण्णा,” पंकज हसला, “पार्किंगमध्ये लावायचीय.”

कोण कोण हसतंय म्हणून त्यानं आजूबाजूला बघितलं. या वेळी रुबीनाही हसली नाही.

मग त्यानं एक कागद छापून काढला आणि अण्णांपुढं सरकवला. अण्णांनी तो माझ्याकडं दिला, कारण चष्मा दुकानात राहिला होता. मी वाचायला लागले. राहिलेलं मुद्दल. मुदतीआधी बंद करण्याचा चार्ज. त्यावर कर. दिवाळीच्या महिन्यात एक हप्ता परत गेला होता त्याचा दंड.

“तो बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “चूक माझी.”

दिवाळीला तवट्यांच्या घरी सगळ्यांना कपडे पाठवले होते, म्हणून तो हप्ता परत गेला होता. पण ते अण्णांनी सांगितलं नाही आणि पंकजनं विचारलं नाही.

“पुढं वाच,” आत्या म्हणाली.

“वाहन सुरक्षा पॅकेज.”

“ते काय असतं?”

“गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत येते,” पंकज म्हणाला.

“गाडी तुमच्याकडं. कवा बंद पडली?”

“पडली नाही.”

“मग मदत कुणाला आली?”

“आत्या, ते पडो न पडो, घ्यावं लागतं. सिस्टीम आहे.”

“पुढं वाच गं.”

“कागदपत्र शोध शुल्क.”

आत्यानं डोक्यावरचा पदर मागं घेतला. बार्शी तालुक्यात कुठं लग्न असलं की नवरीकडच्या बायका सगुणाआत्याला गाडी पाठवून नेत. व्याह्यांना टोमणे मारायची गाणी तिच्याइतकी कुणाला येत नसत. रुखवत उघडलं की ती नुसती खाकरली तरी वराकडचे पुरुष पान खायला मांडवाबाहेर जात.

“कागद हरवल्यात का जावईबापू?”

“छे! कपाटात आहेत.”

“कपाट कुठं हाय?”

पंकजनं मागं बोट दाखवलं. भिंतीला लागून हिरवं कपाट होतं.

“मग शोधायचं काय? कपाट?”

“आत्याबाई, हे मी ठरवत नाही. सिस्टीम ठरवते. मी एक बटण दाबतो, ती सगळं आपोआप लावते.”

सिस्टीम हे तवट्यांचं कुलदैवत असावं, असं मला तेव्हा वाटून गेलं. तिला नैवेद्य लागतो, ती कुणाला दिसत नाही, आणि तिच्या नावानं पुजारी काहीही मागू शकतो.

अण्णा टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. मी वाचलेल्या शेवटच्या आकड्यापाशी ते अडले होते. जागेचे जे पैसे आले, त्यापेक्षा तो आकडा पुढं गेला होता. फार नाही; पण लग्नाचा मांडव ज्यातनं घालायचा होता तेवढा नक्की.

“मग राहू द्यावं का म्हणता?” त्यांनी हळूच विचारलं.

पंकजचा चेहरा उजळला. “मी तेच म्हणतोय अण्णा! तुम्ही बसा. चहा घ्या. वैजू, जरा बाहेर ये. बोलायचंय.”

मी उठले. खोटं कशाला बोलू, तोवर मी त्याच्या हाकेसरशी उठत होते. फोनवर तो गोड बोलायचा. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. दुकानात बसून काचेच्या किणकिणीची कानाला सवय व्हावी, तशी मला त्या आवाजाची झाली होती. तो एखाद्या दिवशी आला नाही तर काही तरी वाजायचं राहिलं असं वाटायचं.

जिन्यात आम्ही दोघंच होतो. खाली खताची पोती उतरत होती.

“तू समजाव ना त्यांना,” तो म्हणाला. “आत्याचं सोड, ती अडाणी आहे. अण्णा तुझं ऐकतात.”

“काय समजावू?”

“एवढ्यात बंद नका करू म्हणावं. निदान वर्ष होऊ दे.” त्यानं मागं वळून दार लागलंय का ते बघितलं. “वर्षाच्या आत कर्ज बंद झालं ना, तर त्याच्यावर मला मिळालेला इन्सेंटिव्ह कंपनी परत घेते. पगारातनं कापतात. आणि आत्ताच प्रमोशनची यादी निघायचीय. तिच्यात माझं नाव मागं पडेल.”

“आमच्या गाडीचे तुम्हाला पैसे मिळाले होते?”

“सगळ्यांनाच मिळतात. कमिशन असतं ते.”

“आणि ते सुरक्षा पॅकेज? कागद शोधायचे पैसे?”

तो हसला. हसताना तो छान दिसायचा, हे मला अजून कबूल करावं लागतं.

“ते मीच घातलेत. आकडा मोठा दिसला की माणूस दोन पावलं मागं सरतो. अण्णा साधे आहेत, घाबरतील म्हटलं. बरोबर वकील घेऊन येतील हे काय माहीत!”

हे त्यानं मला कसं सांगितलं! दिवसभराचं काम आटोपून घरी आलेल्या नवऱ्यानं बायकोला एखादी गंमत सांगावी, तसं. मी त्याच्या बाजूची आहे, हे तो धरूनच चालला होता. अंगठी घातली की माणूस बाजूही बदलतं, असा त्याचा हिशोब.

“बरं, वर्ष झाल्यावर? तेव्हा बंद करायचं?”

“तेव्हा तरी कशाला? आई म्हणते, हप्ता चालू असला की सासरवाडी जरा लक्षात ठेवून वागते.”

“अण्णांचं वय झालं. पुढं हप्ता चुकायला लागला तर?”

“चुकेल कसा?” त्यानं माझ्या गालावरची बट बोटानं मागं सारली. अगदी हळुवार. “तू आमच्याच घरात असणार ना.”

खाली हमालानं पोतं पाठीवर घेतलं आणि ‘हुं’ केलं. दुसऱ्यानं आणखी एक वर ठेवलं.

तारण हा शब्द मी तोवर फक्त कागदावर वाचला होता.

मी आत गेले. अण्णांच्या हातात चहाचा कागदी कप होता आणि आत्या त्यांना काहीतरी कानात सांगत होती. मी त्यांच्याजवळ थांबले नाही. सरळ काचेच्या खोलीपाशी गेले आणि दार वाजवलं. आत शाखेचे मॅनेजर बसत, नाईकनवरे साहेब. साखरपुड्याला येऊन, अण्णांच्या पंगतीत जिलबी मागून घेतलेले.

“या या सूनबाई,” ते म्हणाले.

“साहेब, हे एवढं पंकजकडनं वाचून घ्या. आम्हाला समजेना.”

पंकज मागोमाग आलाच होता. मी कागद त्याच्या हातात दिला. तो वाचायला लागला. पहिले आकडे झरझर वाचले. सुरक्षा पॅकेज मात्र नुसतं पुटपुटला.

“सुरक्षा पॅकेज?” साहेब म्हणाले. “ते गाडी घेताना घ्यायचं असतं. सोडताना कुठून आलं?”

“सर, ते चुकून…”

“आणि शोध शुल्क कसलं? फाईल आपल्याच कपाटात आहे ना?”

“सर, सिस्टीम…”

“सिस्टीमनं केलं आसंल साहेब,” दारातनं आत्या म्हणाली. “पोरगं गुणाचं हाय. ती सिस्टीमच नासकी.”

साहेबांनी पेन घेतलं आणि दोन ओळींवर काट मारली. मुदतीआधीचा चार्ज मात्र त्यांनी तसाच ठेवला. “तो करारात आहे काका. त्यावर तुमची सही आहे. तो मला काढता येणार नाही.” एवढं मात्र माणसासारखं बोलले. मग पंकजकडं बघत म्हणाले, “तवटे, तुमचेच सासरे ना हे?”

पंकजचे कान लाल झाले. त्याला लाज वाटली होती. अण्णांची नाही, साहेबांची.

पुढचं सगळं भराभर झालं. अण्णांनी चेक दिला. रुबीनानं पावती केली, तिच्यावर शिक्का मारला, पुन्हा एकदा मारला, नीट उमटावा म्हणून. बोजा उतरल्याचा दाखला घरी येईल म्हणाली. पावती अण्णांच्या हातात देताना ती हलकेच म्हणाली, “मुबारक हो चाचा.” त्या शाखेत त्या दिवशी कर्ज फिटल्याचा आनंद झालेलं ते एकच माणूस.

“झालं ना मनासारखं?” पंकज आला. एवढ्यात त्यानं चेहरा धुतला होता. हसूही पुन्हा चढवलं होतं. “आता आरटीओचे फॉर्म मीच आणतो. नावावर कधी करायची ते सांगा.”

“नाही करायची,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“चावी द्या.”

“वैजू, इथं चेष्टा नको. लोक बघतायत.”

“बघू देत. गाडी अण्णांच्या नावावर आहे. कागद मोकळा झालाय. चावी द्या.”

अण्णा गोंधळून माझ्याकडं बघत होते. “वैजे, अगं काय झालं? जिन्यात काय म्हणाले ते?”

मी त्यांना शब्दाला शब्द सांगितलं. अण्णांचं वय झालं, हप्ता चुकला तर, असं मी विचारलं. ते म्हणाले, चुकेल कसा, तू आमच्याच घरात असणार ना.

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. मग पंकजपुढं हात केला. बायकांच्या मनगटाखाली धरून धरून मऊ पडलेला हात. आयुष्यभर तो उताणाच राहिलेला, पण मागताना मी तो पहिल्यांदा बघितला.

“द्या पंकजराव.”

“अण्णा, तुम्ही गैरसमज करून घेताय. तिनं उलटं ऐकलं. आणि पत्रिका छापायला गेल्यात! आईला मी काय सांगू?”

“द्या.”

तेवढ्यात आत्या खाकरली. भरल्या शाखेत, भिंतीवरच्या ताऱ्याकडं बघत, तिनं लग्नासाठी जुळवून ठेवलेलं गाणं मांडवाआधीच काढलं:

“जावई आला बाई, दिला बसाया पाट
बसायाच्या आधी बाई, वितीनं मोजी काठ!”

कर्ज मागायला आलेली दोन-तीन माणसं होती. ती मोकळेपणानं हसली. पंकजनं चावी खिशातून काढून टेबलावर आपटली. मीही अंगठी काढून तिथंच ठेवली. ती मी आपटली नाही.

खाली आलो तेव्हा कळलं, गाडी आमची झाली आणि चालवता तिघांपैकी कुणालाच येत नाही. आत्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, काचेतून आत बघितलं. आत सीटना मखमली कव्हरं होती आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आईचा आशीर्वाद’.

“आशीर्वाद आईचा,” आत्या म्हणाली, “आन् हप्ता माझ्या भावाचा.”

शेवटी गाडीला कुलूप घालून आम्ही रिक्षानं घरी आलो. चुलतभावाला सोलापूरहून यायला सवड होईपर्यंत ती पांढरी गाडी तिथंच, शाखेच्या दारात, उभी राहिली. रोज पंकजला तिच्याशेजारी दुचाकी लावावी लागली म्हणे.

रिक्षात अण्णा खिशातली पावती चाचपत बसले. मला धाकधूक. जागा गेली, लग्न गेलं, गावात तोंड दाखवायचं होतं. मग त्यांनी एवढंच विचारलं, “रडू येतंय का तुला?”

“नाही.”

“मग बरं,” ते म्हणाले आणि रिक्षावाल्याला सांगितलं, “मंडईकडनं घे. दुकान उघडतो.”

मालनबाई आल्या त्या पुढच्या बाजारच्या दिवशी. भर दुपारी. दुकानात बायकांची दाटी, वैशाखाच्या लग्नांचे चुडे भरायला आलेल्या. मी आत डबे काढून देत होते, आत्या बायकांना पाणी देत होती. रिक्षा समोर थांबली. पंकज आतच बसून राहिला. मालनबाई उतरल्या, पायरी चढल्या. त्यांना चारचौघांतच बोलायचं होतं. घरी आल्या असत्या तर ऐकायला कोण होतं?

“मी बसायला आले नाही,” असं म्हणत त्या फळीवर बसल्या. उभं राहायला दुसरीकडं जागाच नव्हती.

आता, कासारासमोरच्या फळीवर बाई बसली की कासाराचा हात आपोआप पुढं जातो. अण्णांनी त्यांचं मनगट बघितलं. काचेच्या दोनच बांगड्या, त्याही विटलेल्या.

“सवाष्णीचा हात असा बरा नाही दिसत,” ते म्हणाले आणि पेटीतून हिरव्या बांगड्या काढल्या.

मालनबाईंना नाही म्हणता येईना. आमच्यात बांगड्या भरायला कुणी नाही म्हणत नाही. त्यांनी डावा हात अण्णांच्या हातात दिला. उजव्या हातानं पर्समधून कागद काढला, झटकून उघडला आणि चष्मा लावला.

“मोडलं तुम्ही. आम्ही नाही मोडलं,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आमचा झालेला खर्च तुमच्याकडं. साखरपुड्याच्या हॉलचं निम्मं भाडं.”

अण्णांनी पहिली बांगडी चढवली.

“मुलीला घेतलेली साडी. ब्लाऊजसकट.”

दुसरी.

“पेढ्यांचे बॉक्स. फोटोग्राफर. आमच्याकडच्या पाहुण्यांचं येणंजाणं.”

तिसरी, चौथी. फळीवरच्या बायका ऐकत होत्या. एकीनं कडेवरच्या पोराच्या तोंडावर हात ठेवला, रडू नये म्हणून.

“गाडीची सीट कव्हरं. ती गाडीबरोबर तुमच्याकडं राहिली. आणि पेट्रोल.”

“पेट्रोल कशाचं?” आत्यानं विचारलं.

“पंकज हिला भेटायला यायचा त्याचं.”

बोलता बोलता त्यांनी मूठ आवळली असावी. काच किणकिणली आणि अण्णांच्या बोटांत दोन तुकडे राहिले. मनगटाला कुठं लागलं का ते त्यांनी अंगठ्यानं चाचपून बघितलं, तुकडे शेजारच्या डब्यात टाकले आणि पेटीतून दुसरी बांगडी उचलली.

“ती पण धरा पैशात,” मालनबाई म्हणाल्या. ताठ मानेनं.

“भरताना वाढली. ती कासाराची,” अण्णा म्हणाले. “तुम्हाला काय सांगायचं! तुम्ही कासाराच्याच लेक.”

आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि हातात चढवताना वाढली तर तिचे पैसे गिऱ्हाइकाकडनं कधी घेत नाहीत. मालनबाईंचा बाप करमाळ्याच्या बाजारात डोक्यावर पेटी घेऊन फिरायचा, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांचे डोळे त्या डब्यापाशी थांबले. लाल, हिरवे, पिवळे तुकडे, काठोकाठ. कितीतरी वेळ त्या बघत होत्या. कागद आता घडी होऊन पर्समध्ये जाणार, असं मला वाटलं. मला त्यांची कीवही यायला लागली होती.

“आई!” रिक्षातून पंकजची हाक आली. “पगारातनं कापलेले सांगितलेस का?”

मालनबाईंनी चष्मा वर सारला आणि राहिलं होतं तिथपासून वाचायला घेतलं.

“पंकजच्या पगारातून कापलेले.”

आत्याला आता कोण अडवणार! तांब्या खाली ठेवून तिनं सूर लावला:

“विहिणीला वाढली बाई, शेवयांची खीर
वाटीचा भाव पुसं, तिला निघंना धीर!”

एकीनं गाणं म्हटलं की दुसरी ओळ बाकीच्यांनी उचलायची, ही रीत. चुडा भरायला आलेल्या सगळ्या बायकांनी ती उचलली. बाजारातला भाजीवालाही वळून बघायला लागला.

“सगुणे, पुरे,” अण्णा म्हणाले. बायका थांबल्या. मग त्यांनी मालनबाईंकडं बघितलं. रागानं नाही, हसूनही नाही. “सगळं देतो. एक पैसा कमी करत नाही. गाडीला गिऱ्हाईक लागलंय. पैसे आले की पहिले तुमचे. सीट कव्हरांचे, पेट्रोलचे, पगाराचे, सगळे.”

“अण्णा!” मी म्हणाले.

“गप गं. एवढ्यावर सुटतोय,” ते म्हणाले. “स्वस्त आहे.”

मालनबाई उठल्या. भांडण न होता सगळं मिळालं, त्यामुळं त्यांना काय करावं ते सुचत नव्हतं. भांडायची सगळी तयारी त्यांच्या तोंडावर तशीच शिल्लक होती. त्यांनी एक पाऊल पायरीवर ठेवलं.

“मालनबाई,” अण्णांनी हाक मारली. “असं नका जाऊ. एक हात राहिला.”

डावा हात हिरवागार, उजवा मोकळा. अशी बाई कासाराच्या दुकानातून बाहेर पडत नाही. पडली तर बाजार बघतो. सगळ्या बायका मालनबाईंच्या मोकळ्या मनगटाकडं बघत होत्या. त्या तशाच क्षणभर पायरीवर उभ्या राहिल्या. रिक्षातून पंकजनं पुन्हा हाक मारली, या वेळी त्यांनी ओ दिली नाही. मागं फिरून त्या फळीवर बसल्या. खर्चाचा कागद उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि राहिलेला हात अण्णांच्या पुढं केला.

हात ताठ होता, लाकडासारखा. अण्णांनी तो दोन्ही हातांत धरला.

“सैल सोडा,” ते म्हणाले. “दुखणार नाही.”